हातावर न बसलेला पोपट

आमच्या घरी पोपट आणावा हा विचार प्रथम कोणाच्या मनात आला, हे आता निश्चयाने सांगता येत नाही. कन्या म्हणते, तिच्या. मातोश्री म्हणतात, त्यांच्या. एवढे मात्र खरे की, गेल्या दिवाळीच्या सुटीत या विषयावाचून आमच्या घरात दुसरे बोलणे नव्हते. कन्या आपल्या शाळेत सहाव्या इयत्तेत आहे, आणि वार्षिकासाठी पालकांनीही काही लिहावे ही सूचना तिनेच घरी आणली. तेव्हा तिच्याच आवडीच्या विषयावर लिहिणे न्यायाचे होईल.

मातोश्रींचे वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचे बालपण कोकणात राजापुराजवळच्या एका खेड्यात गेले. तेथे पडवीत लोखंडी पिंजरा टांगलेला असे आणि त्यात राघू असे. पोपट म्हणजे हिरवागार, तांबड्या चोचीचा, गळ्यात कंठ असलेला, ही त्यांची व्याख्या. तीहून निराळे काही पोपट या नावास पात्र आहे, हे त्यांस पटविणे कठीण गेले. परंतु तो राघू आता कोणासही पाळता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्या देशातील रानचे पोपट पकडणे, विकणे व बाळगणे गुन्हा आहे; पुढे २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, तीतही हे संरक्षण कायम आहे. तरीही कोठे कोठे चोरून विक्री चालतेच. ढोलीतून काढलेली, धड पिसेही न फुटलेली पिले टोपल्यांत कोंबून आणतात, आणि त्यांतली कितीएक वाटेतच मरतात. ज्यांस राघू पाहावयाचा आहे त्यांनी आमच्या नाशकात सायंकाळी एखाद्या जुन्या पिंपळाखाली उभे राहावे. थवे ओरडत उतरतात तो देखावा फुकट आहे, आणि तेथे पिंजराही धुवावा लागत नाही.

राहिला तो परदेशी मूळ असलेला परंतु पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेला लहान पोपट, म्हणजे बजरीगर. आपल्याकडे दुकानदार त्यास सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. ते नाव चुकीचे आहे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे व जाड चोचीचे. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशातला. पाऊस जिकडे पडेल व गवताला बी जिकडे धरेल तिकडे तो हजारोंच्या थव्याने भटकत असतो. १८०५ साली जॉर्ज शॉ या पंडिताने त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि १८४० साली जॉन गूल्ड याने काही जिवंत पक्षी इंग्लंडात नेले. तेथून त्यांची घरोघर पैदास सुरू झाली. रानात त्याचा रंग हिरवा-पिवळा, पाठीवर काळ्या लाटा. निळे, पांढरे, केवळ पिवळे हे सारे माणसाने पैदाशीतून वेचून काढलेले प्रकार आहेत. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे १८ सेंटिमीटर, आणि वजन ३०-४० ग्रॅम. म्हणजे तीन-चार सुपाऱ्या एका मुठीत घेतल्या तर जेवढे वजन भरेल तेवढाच हा जीव.

खरेदीस निघण्यापूर्वी मी आमच्या ओळखीच्या पशुवैद्यांकडे गेलो. हे गृहस्थ मितभाषी आहेत. त्यांनी मला पुष्कळ सांगितले नाही. दुकानात शिरण्यापूर्वी दहा मिनिटे दूर उभे राहा, एवढेच म्हणाले. कारण विचारता त्यांनी जे सांगितले ते माझ्या मनात घर करून राहिले आहे. थव्यातला जो पक्षी अशक्त दिसतो त्याच्यावर ससाणा झडप घालतो. म्हणून आजार लपविणे हा या जातीचा स्वभावच होऊन बसला आहे. माणूस जवळ येताच आजारी पक्षीसुद्धा पिसे अंगालगत चापून, डोळे उघडून, ताठ बसतो. आपण पाठ फिरविली की पुन्हा फुगून मान खाली घालतो. पिंजऱ्याला नाक लावून पाहणाऱ्यास सगळेच पक्षी निरोगी दिसतात ते यामुळेच.

त्याप्रमाणे आम्ही बापलेक एका रविवारी सकाळी शहरातल्या एका दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, उसाच्या रसाच्या गाडीआड उभे राहिलो. एका मोठ्या पिंजऱ्यात वीस-बावीस बजरीगर होते. बहुतेकांची सकाळची धांदल चालली होती: कोणी चोच दांडीवर घाशीत होता, कोणी पिसे विंचरीत होता, दोघे एका वाटीवरून भांडत होते. कोपऱ्यात मात्र फिकट निळ्या रंगाचा एक पक्षी चेंडूसारखा फुगून बसला होता. निरोगी पक्षीही झोपताना फुगतो. परंतु तो बहुधा एक पाय पोटाशी घेऊन झोपतो. हा दोन्ही पायांवर बसला होता, डोळे अर्धे मिटलेले, आणि प्रत्येक श्वासागणिक त्याची शेपटी खाली-वर होत होती.

आम्ही आत गेलो. कन्येने पिंजऱ्याच्या दारातून बोट आत धरले. एकवीस पक्षी चीत्कार करीत पलीकडच्या जाळीस जाऊन चिकटले. तो निळा मात्र जागचा हलला नाही. क्षणभराने त्याने एक पाऊल उचलले आणि तिच्या बोटावर चढून बसला.

“पाहा साहेब,” दुकानदार म्हणाला, “किती माणसाळलेला आहे! ताईंना ओळखलं त्यानं. हाच घेऊन जा, निम्म्या किमतीत देतो.”

त्या वेळी माझ्या मुलीचा चेहरा जसा झाला होता तसा मी यापूर्वी फार थोड्या वेळा पाहिला आहे. मी वाकून पाहिले. पक्ष्याच्या शेपटीखालची पिसे विष्ठेने माखली होती. निरोगी पक्ष्याच्या विष्ठेत तीन भाग स्पष्ट दिसतात: काळसर हिरवी वळी, तीवर पांढरा खडूसारखा अंश आणि थोडे स्वच्छ पाणी. येथे सारेच हिरवट व पातळ झाले होते. मी दुकानदारास म्हटले, “हा माणसाळलेला नाही, आजारी आहे. पळण्याचे त्राण नाही म्हणून बोटावर बसला.” तो थोडा ओशाळला, पण निम्मी किंमत त्याने मागे घेतली नाही.

वाटेत कन्या बोलली नाही. रात्री जेवताना तिने विचारले, “बाबा, आपण नाही घेतला तर त्याला कोण घेणार?”

हा प्रश्न वाचकांस लहान वाटण्याचा संभव आहे. मला वाटला नाही. सुदृढ पक्षी निवडून आणावा, असे सगळेच सांगतात. परंतु सुदृढ तेवढा निवडणे म्हणजे दुबळा तेथेच ठेवून येणे, हे कोणी सांगत नाही. आणि ज्या मुलीस आपण वर्षभर दया शिकवितो तिनेच ती दाखविली की आपण तिला वजनाचे व विष्ठेचे हिशेब सांगावयाचे! मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पशुवैद्यांकडे गेलो आणि तिचाच प्रश्न त्यांस विचारला. ते म्हणाले, आणावयाचा तर आणा. पण मग तो घरचा पक्षी नव्हे, घरचा रोगी. वेगळी खोली, औषध, धुणे-पुसणे, आणि तेही कितपत उपयोगी पडेल ते सांगता येत नाही. शिवाय त्यांनी विचारले, घरात म्हातारे माणूस आहे ना?

मातोश्रींस दम्याचा विकार आहे. पोपटांचा एक रोग माणसास लागतो. त्यास सिटॅकोसिस म्हणतात; वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ श्वासावाटे गेली की ताप येतो, फुप्फुसे सुजतात. १९२९-३० साली युरोप व अमेरिकेत या रोगाची मोठी साथ आली होती. आता त्यावर चांगली औषधे आहेत. तथापि वृद्ध व दमेकरी माणसाच्या बाबतीत तो धोका ओढवून घेणे शहाणपणाचे नाही. वैद्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती ऐकून मला थोडा धक्काच बसला. एक पक्षी असा असेल तर त्याच पिंजऱ्यातले, त्याच वाटीतले पाणी पिणारे उरलेले एकवीसही संशयास्पद समजा. त्या दुकानातून कोणताच घेऊ नका.

हे सारे मी घरी येऊन सांगितले. कन्येने ऐकून घेतले; पण पटले नव्हते. तेव्हा मातोश्रींनी, तांदूळ निवडण्याचे ताट बाजूस सारून, एक हकीकत सांगितली. ती मीही त्यापूर्वी ऐकली नव्हती.

त्यांच्या पडवीतला राघू मोठा तुसडा होता. भिजलेली चण्याची डाळ व हिरवी मिरची तो चोचीने हिसकावून घेई, पण अंगास बोट लावू देत नसे. (मिरची कशी खाई याचे नवल करण्याचे कारण नाही, मिरचीतला तिखटपणा पक्ष्यांस जाणवतच नाही.) एका थंडीत तो अकस्मात शांत झाला. मुलांनी डोके खाजवावे, त्याने डोळे मिटावे. घरात आनंदीआनंद झाला. राघू शहाणा झाला, लळा लागला, असे शेजारीपाजारी सांगण्यात आले. तीन दिवस भावंडांनी पाळीपाळीने त्यास मांडीवर घेतले. चौथ्या सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला होता. “आम्हांला वाटलं, तो जवळ आला,” मातोश्री म्हणाल्या, “तो जात होता गं.”

पुढे बोलणे झाले नाही. दुसऱ्या दिवशी कन्येने आपण होऊन एकच अट घातली: निळ्याचे काय करावे ते दुकानदारास सांगून यावे. आम्ही गेलो. त्या गृहस्थांविषयी एवढे म्हटले पाहिजे की त्यांनी ऐकले. निळ्यास वेगळ्या खोक्यात ठेवून वर दिवा लावून ऊब दिली, आणि सायंकाळी त्यास पशुवैद्यांकडे नेलेही. तिसऱ्या दिवशी तो मेला. ही बातमी मी कन्येपासून लपविली नाही.

आता आमच्या राळोबाची हकीकत. नाशिकरोडकडे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ गच्चीवर थोडे पक्षी बाळगतात व वर्षातून थोडीच पिले देतात. येथे आईबाप पाहावयास मिळाले, पिंजऱ्याचा तळ पाहावयास मिळाला, आणि पाण्याच्या वाट्या आमच्या पाण्याच्या पेल्यांहून स्वच्छ होत्या. त्यांनी सहा पिले दाखविली. सुमारे आठ आठवड्यांची असावीत: कपाळावरच्या काळ्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या, डोळे संपूर्ण काळे. मोठेपणी कपाळ साफ होते व बुबुळाभोवती पांढरे कडे येते. यावरून वयाची लबाडी चटकन उघडकीस येते. आम्ही अर्धा तास बसलो. पिलू स्वतः दाणा सोलून खाते की अद्याप आईबापांकडून भरवून घेते, हे पाहिल्याखेरीज ते घेऊ नये, असे त्या गृहस्थांनीच बजाविले. विकणारा ग्राहकास थांबवितो, हा अनुभव दुर्मीळ आहे. कन्येने एका हिरव्या पिलाकडे बोट नेले. ते तत्काळ उडाले, जाळीस उलटे लटकले, आणि तेथून तिच्याकडे पाहून शिव्या दिल्यासारखे ओरडले. “हाच,” ती म्हणाली.

गृहस्थांनी त्यास हातात घेऊन उलटे करून दाखविले. शेपटीखालचा भाग कोरडा व स्वच्छ, नाकपुड्या मोकळ्या, चोचीवर वा पायांवर खवल्यांचा भुरा नाही (तो असल्यास सूक्ष्म किड्यांचा उपद्रव समजावा), छातीचे मधले हाड बोटास लागावे, पण सुरीच्या धारेसारखे वर आलेले नसावे. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे, सर्व नखांसह शाबूत. वजन २८ ग्रॅम. चोचीवरचा नाकपुड्यांचा मांसल भाग जांभळट गुलाबी होता, म्हणजे नर. पुढे तो निळा होतो, मादीचा तपकिरी.

घरी त्याची जागा आधीच ठरली होती: बैठकीच्या खोलीत भिंतीलगत, स्वयंपाकघरापासून दूर. हे दूर ठेवणे हौसेचे नाही. न चिकटणाऱ्या लेपाचा तवा रिकामा फार तापला तर त्यातून निघणारी वाफ माणसास जाणवण्यापूर्वीच पक्ष्याचा प्राण घेते. आमच्या घरचा तसा तवा आता शेजाऱ्यांकडे गेला, आणि भाकरीला लोखंडी तवाच बरा, हे मातोश्रींचे जुने म्हणणे विजयी झाले. पिंजरा गोल न घेता लांबट घेतला, आणि जाळीची फट अर्ध्या इंचाहून कमी. गुळगुळीत दांड्यांऐवजी पेरूच्या लहानमोठ्या जाडीच्या फांद्या बसविल्या. एकाच जाडीवर सदैव उभे राहिल्याने पायांस फोड येतात. चुन्यासाठी समुद्रफेस आणला. तो काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. कोकणच्या मातोश्रींस तो माकुळाच्या पोटातले हाड म्हणून ठाऊक होताच.

पहिल्या दिवशी पिलाने काही खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशीही वाटी भरलेलीच दिसत होती. येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो: वाटी भरलेली दिसणे म्हणजे दाणे असणे नव्हे. बजरीगर दाणा सोलतो व फोल वाटीतच टाकतो. फोलकटांची वाटी दाण्यांची समजून लोक पक्ष्यास उपाशी मारतात. फुंकर मारून पाहावे. आम्ही मारली, फोल उडाले नाही, कारण खरोखरच एक दाणा फुटला नव्हता. तिसऱ्या सकाळी, वैद्यांच्या सांगण्याप्रमाणे, खोली अंधारी करून त्यास पातळ रुमालात धरले व झाकणाच्या टोपलीत घालून स्वयंपाकाच्या काट्यावर तोलले. २६ ग्रॅम. दहावा हिस्सा वजन घटले तर थांबू नका, घेऊन या, असा निरोप होता. म्हणजे आमच्यापाशी एका ग्रॅमाहून अधिक उसंत उरली नव्हती. कन्या शाळेत गेली खरी, पण डबा तसाच परत आला.

त्या दुपारी मातोश्री नेहमीप्रमाणे तांदूळ निवडीत पिंजऱ्यापासून पाचसहा हातांवर बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. खडा बाजूस सारताना त्यांचे नख ताटावर टक्‌ टक्‌ वाजत होते. थव्यात एकाने टिपावयास आरंभ केला की दुसरा टिपतो, हे मला मागाहून समजले. मातोश्रींस ते समजावून घेण्याची गरज पडली नाही. काही वेळाने दुसरीकडून बारीक कुरकुर ऐकू आली. पिलू वाटीच्या काठावर बसून राळे सोलीत होते. सायंकाळी कन्या घरी आली तेव्हा वाटीत फोल होते. तिने ते मुठीत धरून आणून मला दाखविले, जणू मोत्ये. त्याचे नाव राळोबा पडले ते तेव्हाच.

त्यानंतरचे पंचेचाळीस दिवस फारसे सांगण्याजोगे नाहीत, आणि तेच चांगले. मातोश्रींनी पिंजरा साफ करावयाचा नाही, ते काम माझे. कागद रोज बदलावयाचा व ओला करून उचलावयाचा, म्हणजे धूळ उडत नाही. नंतर हात साबणाने धुवावयाचे. रात्री दहा-बारा तास अंधार व शांतता. राळे-बाजरी हेच सर्वस्व नव्हे. केवळ दाण्यावर ठेवलेला पक्षी लठ्ठ होतो व त्यास अ जीवनसत्त्व कमी पडते, म्हणून कोथिंबीर, मेथी, किसलेले गाजर, मोड आलेली बाजरी. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा, खारे पदार्थ वर्ज्य. दर रविवारी वजन, आणि ते कन्येच्या वहीत: २९, ३१, ३१, ३३. गणिताच्या वहीपेक्षा ही वही नीटनेटकी आहे, हे मी नाईलाजाने नमूद करतो. नवव्या दिवशी पशुवैद्यांनी विष्ठा तपासून जंत नसल्याचे सांगितले.

तो अद्याप हातावर बसत नाही. चाळिसाव्या दिवशी त्याने कन्येच्या बोटांतून कोथिंबिरीची काडी ओढून घेतली व दूर जाऊन खाल्ली. आमच्या घरी तो दिवस सणासारखा झाला. थव्यात राहणाऱ्या या जातीस एकटेपण सोसत नाही, सबब उन्हाळ्याच्या सुटीत त्याच गच्चीवरून दुसरा आणावयाचा आहे. तोही प्रथम महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत राहील.

बजरीगराचा नर बोलतो. अमेरिकेतल्या पक नावाच्या एका बजरीगरास १,७२८ शब्द येत होते, अशी नोंद १९९५ च्या गिनीज विक्रमांच्या पुस्तकात आहे. त्यामुळे कन्या रोज सकाळी पिंजऱ्यासमोर उभी राहून ‘राळोबा, राळोबा’ असे पाठ घेते, आणि मातोश्री दुरून तिचे उच्चार सुधारतात. गेल्या आठवड्यात त्याने पहिला उसना आवाज काढला. आम्ही तिघे कान देऊन उभे राहिलो. तो शब्द नव्हता. ताटावर नख वाजावे तसे टक्‌, टक्‌, आणि थोडे थांबून पुन्हा टक्‌.